एकमेकांवर चढलेले दोन प्लॉट

सदर भागातल्या ऑफिसात मी जमिनीचे नकाशे जोडणारा प्रोग्राम लिहीत होतो. हुडकेश्वरचे दोन शेजारी प्लॉट त्यात एकमेकांवर चढलेले दिसत. दोन दिवसांनी कळलं, चूक माझी नव्हती. माझा प्रोग्राम आकृत्यांच्या गणितासाठी जी सर्वांना खुली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरत होता, तिची होती. मी ती विनामोबदला सांभाळणाऱ्यांना लिहिलं. परदेशातल्या एका बाईंनी चूक दाखवणारं लहानात लहान उदाहरण मागितलं. मी अख्खा नकाशा छाटत दोन त्रिकोणांवर आणला. आठवड्याभरात त्यांनी चूक दुरुस्त केली.

जेवताना मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी उमेदीची वर्षं हातमागावर काढलेली.

"त्या बाईले तू ओळखतं का?"

"नाही."

"मंग तिनं तुयं काम काहून केलं?"

दुसऱ्या दिवशी त्या लायब्ररीबद्दल कुणा अनोळखी माणसानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी लिहिलं.