नेपाळचा गोल

शेजारी देशांच्या फुटबॉल स्पर्धेत त्या संध्याकाळी भारत-नेपाळ सामना होता. आमच्या इमारतीचा वॉचमन नेपाळचा. उल्हासनगरात त्याचे कोणी नाही, म्हणून मीच त्याला घरी टीव्हीसमोर बसवले. भारताच्या दोन्ही गोलांना मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात नळाला पाणी आले.

"जा, पंप लाव."

"काका, पाच मिनिटं. आता आमचा चान्स आहे."

"पाणी तुझ्या चान्ससाठी थांबणार आहे का?"

तो गेला आणि नेपाळने गोल केला. त्यांचा तेवढा एकच.

परतल्यावर पडद्यावरचा आकडा पाहून तो हसला. "काका, तुम्ही तरी टाळी वाजवलीत ना?"

मी वाजवली नव्हती. पंपाचे बटण जिन्याखालीच आहे. मलाही उठता आले असते. मी एवढेच विचारले, "टाकी भरते आहे ना?"