जिप्सीतली सहावी जागा

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. त्या जिप्सीत तो माझ्या शेजारीच बसला होता, तरी नाही. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. तुम्ही अक्काला ओळखत नाही, म्हणून असेल.

अक्का माझी थोरली बहीण. वैरागला असते, ब्लाउज शिवते – म्हणजे शिवायची. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला न्हाऊमाखू घातलं ते अक्कानं, शिकायला सोलापूरला धाडलं ते अक्कानं, मला नोकरी लागल्यावर गल्लीभर पेढे वाटले तेही तिनंच. मधली तीन वर्षं ती मैंदर्गीला सासरी होती. तिथं लग्नात तिचं नाव बदललं. माहेरची सुमन, सासरची महादेवी. मग भाऊजी अपघातात गेले आणि ती परत आली. गावात पुन्हा सुमन झाली, बँकेच्या पुस्तकात सुमनच होती, पण रेशनकार्डावर आणि मग आधारकार्डावर महादेवीच राहिली. कुणाचं काही अडलं नाही त्यावाचून.

तिच्या शिलाई मशिनच्या वर भिंतीला वाघाचं चित्र होतं, जुन्या कॅलेंडरमधून कापलेलं. पोरसवदा असताना शेरडं राखायला जायची तेव्हा तिनं माळावर माळढोक पाहिले होते. ‘तवा कोंबडीगत वाटायचं गं त्ये. आता जीव टाकला तरी दिसत न्हाय,’ म्हणायची. मग तिला काचबिंदू निघाला. थेंबांवर दोन-तीन वर्षं निघतील, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिनं माझा दंड धरला. ‘डोळं जायच्या आत एकडाव वाघ बगायचा. नेशील का?’ मी म्हटलं, नेईन. शब्द दिला.

आता बघा, योग कसा. त्याच दिवाळीनंतर आमच्या ऑफिसात ताडोबाला जायचं ठरलं. आम्ही दोघं नवरा-बायको, एक सहकारी आणि त्याची बायको, आणि आमच्या मॅडम. पाच झाले. जिप्सीत बसतात सहा. सहावी अक्का – मीच सगळ्यांना सांगितलं होतं. बुकिंगही माझ्याकडंच. ऑफिसात कुठलाही ऑनलाइन फॉर्म आला की तो माझ्या गळ्यात पडतो. सगळ्यांनी आधारकार्डाचे फोटो पाठवले. एकदा नावं भरली की बदलता येत नाहीत, गेटवर कार्ड तपासतात, हे मीच चार वेळा बजावलं होतं.

रविवारी सगळे आमच्या घरी चहाला जमले. अक्का सकाळच्या एसटीनं आली, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. जिप्सीत खायला किती आणू, म्हणून विचारायला लागली. जंगलात खायचं काही नेऊ देत नाहीत म्हटल्यावर म्हणाली, ‘का? वाघ भाकरी मागतो व्हय?’ सगळे हसले. इथवर ठीक होतं. पण मग ती मॅडमच्या जवळ सरकली आणि तिनं विचारलं, ‘तुमाला लेकरं किती?’

मॅडमना मूल नाही. ऑफिसात हा विषय कुणी काढत नाही. मॅडम म्हणाल्या, नाही. आणि अक्कानं काय केलं? त्यांच्या गालावरून हात फिरवला. ‘मला बी न्हाईत की. आपुन दोघी शेजारी बसू गाडीत.’

मॅडमना राग आला की डोळ्यांत पाणी आलं, ते मी बघितलंच नाही. मला माझी लाज तेवढी दिसत होती. ही हाय-न्हाय बोलणारी, डोक्यावर पदर, शेंगाचटणीचा वास – ही माझी बहीण. तीन दिवस या सगळ्यांसमोर ही अशीच बोलणार. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

दोन दिवसांनी मॅडम सहज बोलून गेल्या, की त्यांच्या पुण्याच्या बहिणीलाही यायचं होतं, पण जागा नाही ना. दुपारी जेवणाच्या सुट्टीत फॉर्म भरायला बसले. पाच नावं टाकली. सहावं टाकलं – महादेवी. कार्डावर होतं तेच टाकलं, साइटनं मुकाट्यानं घेतलं. काहीही अडलं नाही, हे लक्षात घ्या. मग मी ते खोडलं. माझ्याच बोटांनी, एकेक अक्षर. मॅडमकडून कार्डाचा फोटो मागवून तिथं पुण्याच्या बहिणीचं नाव भरलं. मॅडम खूश झाल्या, अक्काचं मी त्यांना नंतर सांगते म्हटलं.

संध्याकाळी अक्काला फोन केला. सांगितलं, तुझं परमिट नाकारलं. बँकेत एक नाव, आधारवर दुसरंच – दोन नावांचं माणूस चालत नाही म्हणतात. किती सहज सुचलं मला! ती म्हणाली, ‘माजीच चूक गं. कवाच नीट करून घ्यायला पायजे व्हतं. तू रडू नगो.’

मी रडत नव्हते. मला सर्दी झाली होती.

आम्हाला वाघ दिसला. दुसऱ्या फेरीत, रस्त्याच्या कडेला, चांगला पाच मिनिटं. पुण्याची बहीण उलटीची गोळी घेऊन पेंगत होती. उठवेपर्यंत तो आत गेला. परत येताना मॅडम मला म्हणाल्या, ‘अक्का यायला हव्या होत्या. मी त्यांच्याशेजारी बसणार होते.’ तब्येत बरी नव्हती तिची, मी म्हटलं. हे दुसरं खोटं.

तुम्हाला वाटेल, एवढंच? नाही. पुढचं मला दीड वर्षांनी कळलं. अक्का नाव बदलायच्या मागं लागली होती. प्रतिज्ञापत्र, गॅझेट, बार्शीच्या खेपा, सोलापूरच्या खेपा – तिथलं आधारचं ऑफिस माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण मला त्रास नको म्हणून घरी आली नाही. लोकांना विचारत विचारत, भिंत धरून जिने चढली. नवं कार्ड आलं तेव्हा मात्र घेऊन आली. ‘बग, आता एकच नाव हाय. आता कोन अडवतंय?’ मग कार्डावरून अंगठा फिरवत राहिली. म्हणाली, ‘ह्ये मला महादेवी म्हनून हाक मारायचे. त्येंच्या तोंडचं तेवढंच नाव व्हतं माज्याकडं. जाऊ दे. वाघासाठी दिलं म्हनायचं.’

मी चहा टाकायला आत गेले.

येत्या थंडीत नेते म्हटलं, मग पुढच्या थंडीत म्हटलं. का नेलं नाही? तिथं गेल्यावर गेटवर सगळं उघडं पडेल, अशी भीती वाटायची. कसलं उघडं पडणार होतं? गेटवरच्या माणसाला काय माहीत? पण वाटायची. तेवढ्यात तिचे डोळे गेले. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

मागच्या महिन्यात वैरागला गेले होते. भिंतीवरचा वाघ अजून आहे. अक्कानं उशाखालून प्लास्टिकच्या पिशवीतलं कार्ड काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, वाच की. मी वाचलं, सुमन. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं वाचलं.

‘बरोबर हाय न्हवं?’

‘बरोबर आहे, अक्का.’

‘आदीच केलं असतं तर दिसला असता बग,’ ती म्हणाली, आणि कार्ड पुन्हा पिशवीत घालून तिनं उशाखाली सारलं.

आधीचंही बरोबरच होतं. हे मी तिला सांगितलेलं नाही.