दिवसाआडची फुंक

आदिलाबादेत मशिदीच्या गल्लीत माझं पंखे आणि मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. आमचं घर बौद्ध. ताईत, अंगारा, उतारा असलं काही आमच्याकडं चालत नाही, वडिलांनी लहानपणीच तसं बजावलं होतं. म्हणून मी एका पोरीवर दोनदा फुंक मारली हे घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पावसाळा सरला होता. मशिदीतला एक पंखा बंद पडला, तो मी शिडीवर चढून जागीच दुरुस्त केला. केसांत धूळ जाऊ नये म्हणून डोक्याला रुमाल बांधला होता. काम आटोपल्यावर तिथल्याच नळावर हातपाय, तोंड धुतलं. तेवढ्यात संध्याकाळची नमाज सुटली आणि मी त्या गर्दीसोबतच बाहेर पडलो. दारात नेहमीसारख्या बाया उभ्या होत्या, कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या कडेवर तापलेलं पोर. त्यात मुसलमान थोड्या, हिंदू जास्त, आमच्यातल्याही असतात. नमाज पढून येणारा जाता जाता फुंक मारतो, त्यानं गुण येतो म्हणतात.

तामसीकडची एक बाई माझ्यापुढं आली. तीन वर्षांची पोरगी तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. "फुका ना, बाबा," ती म्हणाली. मागून लोक ढकलत होते. तिथं थांबून 'बाई, मी त्यातला नव्हे' हे कुठं समजावत बसा? शिवाय फुंकायची मला सवय, दिवसभर मोटारीतली धूळ फुंकतो. मारली एक आणि दुकान गाठलं.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात हजर. गल्लीत 'रुमालवाले बाबा' कुठं बसतात म्हणून विचारत होती, चहावाल्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. त्याला दुसरा धंदा नाही.

"सगळ्यायचं फुकून झालं होतं," ती म्हणाली. "तुमी आखरीले फुकलं, मंग उतरला ताप. काल पोरगी मस्त खेळली. आज पुन्हा आंग तापून राह्यलं."

खरं सांगतो, ऐकून बरं वाटलं. माझं गिऱ्हाईक परत येतं ते पंखा आवाज करतो म्हणून. गुण आला म्हणून आजवर कुणी आलं नव्हतं. मी पुन्हा फुंक मारली, या खेपेला जरा सावकाश, डोळे मिटून.

पाचव्या दिवशी ती परत आली. पोरगी हुडहुडी भरून थडथड उडत होती. "तुमची फूक एकच दिवस टिकते, बाबा. आज जराशी जोरानं मारा."

तेव्हा माझं टाळकं ठिकाणावर आलं. थंडी वाजून दिवसाआड येणारा ताप आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ओळखता येतो. मलेरिया तो. मी फुंकलं काय, न फुंकलं काय, तो आपल्या पाळीनं उतरत होता आणि मी मोठा बाबा होऊन बसलो होतो.

"दवाखान्यात चला, रक्त तपासू," मी म्हणालो.

"दवाखाना काऊन? फुकीनं उतरते ना."

मग सगळं सांगून टाकलं. मी मुसलमान नाही, मला नमाज येत नाही, त्या दिवशी पंखा दुरुस्त करायला गेलो होतो.

"मंग?" ती म्हणाली. "मीबी त मुसलमान नाई."

शेवटी मशिदीतल्या मौलानासाबांना बोलावून आणलं. त्यांनी पोरीच्या कपाळाला हात लावला, फुंक मारली, तिला ते दम म्हणतात, आणि म्हणाले, "बेटी, दम हो गया. अब दवा कराओ." रिक्षाही त्यांनीच थांबवली. त्यांचं तिनं ऐकलं.

सरकारी दवाखान्यात पोचेस्तोवर पोरीची शुद्ध गेली होती. मलेरिया डोक्यात चढला म्हणाले. नर्सबाई ख्रिश्चन होत्या. सुई टोचायच्या आधी त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, तेलुगूत येशूची प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि पहिल्याच खेपेला शीर शोधली. मौलानासाब बाकड्यावर जपमाळ ओढत बसले होते. मला कुणाकडं काय मागावं तेही सुचत नव्हतं. ही पोरगी गेली तर माझ्यामुळं जाईल, एवढंच कळत होतं, आणि मला फार भीती वाटत होती.

दोन दिवसांनी पोरीनं डोळे उघडले आणि बिस्कीट मागितलं. मी खाली जाऊन पुडा आणला. वर आलो तर डॉक्टर तपासायला आले होते. पोर वाचली, आता त्यांना रागवायला सवड झाली होती.

"पाच दिवस कुठं होतीस? कोण्या बाबाकडं नेत होतीस? नाव सांग त्याचं."

मी तिच्या मागंच उभा होतो. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"कोनाकडं नाई नेलं, साहेब," ती म्हणाली. "सोयाबीन काढाचं होतं. माहंच ध्यान नव्हतं पोरीवर."

डॉक्टर तिला नाही नाही ते बोलले. आई आहेस का कोण आहेस, असंही म्हणाले. ती मान खाली घालून ऐकत राहिली, आणि मी बिस्किटाचा पुडा हातात धरून गप उभा राहिलो.