टपरीवर ओळख दिली नाही

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासण्यात त्याची बावीस वर्षं गेली. गिऱ्हाईक पुढे, हा मागे, मधे पडदा. चार लोकांत उभं राहून बोलायची वेळ सहसा यायची नाही, आणि आलीच तर याची जीभ अडखळायची. चाळिशी उलटल्यावर त्याने गिअरची सायकल घेतली, तेव्हापासून मात्र तो जरा ताठ चालायला लागला होता. सायकलवर बसलं की आपण कोणीतरी आहोत, असं त्याला वाटायचं.

थोरली बहीण त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईने अंथरूण धरल्यावर त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. सायकलही तिनेच शिकवली, मागून कॅरिअर धरून धावत. पुढे इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी पिळता पिळता तिची नोकरी संपली. निवृत्त झाल्याला आठवडा झाला नाही तोच ती म्हणाली, "छोट्या, तो समुद्राकाठचा रस्ता, तंबूतला मुक्काम, काय काय सांगत असतोस. एकदा मलाही ने की."

"ताई, तिथे सायकलने जायचं असतं."

"मग मी काय विमानाने येते म्हणाले?"

त्याने मुद्दाम सोपा टप्पा निवडला. बावीस किलोमीटर, जवळजवळ सगळा सपाट, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मिठागरं. सकाळी ताई दारात उभी होती ती आपली जुनी काळी सायकल घेऊन. पुढे टोपली, मागे सुतळीने आवळलेली वळकटी, आणि वळकटीला लटकवलेली निळी प्लास्टिकची बादली.

"बादली राहू दे," तो म्हणाला.

"पाणी काय ओंजळीत आणायचं?"

बादली वळकटीलाच लटकत राहिली. प्रत्येक खड्ड्याला ती मडगार्डवर आपटायची आणि खडखडाट व्हायचा. वारा पाठीमागून होता, ऊन कोवळं होतं, घाई कसलीच नव्हती. तो पुढे जायचा, वळणावर थांबायचा. लालबुंद चेहऱ्याने ताई येऊन पोचायची आणि विचारायची, "अरे, ती उलटी घातलेली होडी बघितलीस? तिच्यावर कुत्रं झोपलं होतं." त्याने बघितलेलं नसायचं. त्याचं लक्ष वेगाच्या काट्यावर.

अकराच्या सुमारास तो म्हणाला, "मी जरा पाय मोकळे करून घेतो. पुढे टपरी आहे, तिथे थांबतो." ताईने मान हलवली आणि तो सुसाट सुटला.

टपरीवर तिघं सायकलवाले बसले होते, दोन तरुण आणि एक तरुणी. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, बोटभर रुंदीचे टायर. त्यातला दाढीवाला उठून याच्या सायकलपाशी आला, वाकून बघायला लागला.

"मस्त ठेवलीय काका. चेन तर आरशासारखी."

झालं, त्याला कंठ फुटला. चेनला कुठलं तेल लावावं, वाऱ्यात गिअर कधी उतरवावा, तंबू कसा बांधून न्यावा, तो बोलतच सुटला. आणि तिघं ऐकत होते. कोणी आपलं बोलणं इतका वेळ ऐकल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"एकटेच फिरता?" तरुणीने विचारलं.

"एकटाच," तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. "कोणी बरोबर असलं की रखडायला होतं."

तो हे बोलत असतानाच पाठीमागे खडखड आवाज येऊन थांबला होता. त्याने वळून बघितलं नाही. ताई जेमतेम दहा पावलांवर उतरली होती.

"आख्खा संसार घेऊन निघाल्यात बाई," दाढीवाला हळूच म्हणाला. तिघं हसले. तोही हसला.

आता ती ‘छोट्या’ म्हणून हाक मारणार, या धास्तीने त्याचे कान तापले. ताईने टपरीवाल्याकडून पेलाभर पाणी मागून घेतलं, सावकाश प्यायली, पदराने तोंड पुसलं. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "अहो दादा, ती तंबूंची जागा इथून किती लांब असेल?"

"सहा-सात किलोमीटर," तो म्हणाला. "सरळच आहे."

"बरं. उपकार झाले."

आणि ती गेली. तिघांनी पुन्हा गप्पा सुरू केल्या, पण त्याच्या कानात काही शिरेना. लगेच उठलो तर यांना कळेल, म्हणून तो पाव तास तिथेच बसून राहिला. पुढे कित्येक दिवस त्याला सगळ्यात जास्त टोचला तो हाच पाव तास.

मुक्कामाच्या जागी पोचला तेव्हा ताईने दगडांच्या आडोशाला वळकटी सोडली होती, पाणी भरून आणलं होतं. पाव आणि उकडलेली अंडी कागदावर मांडली होती.

"ताई, मघाशी मी..."

"आधी पाय धू. वाळू आणशील सगळीकडे."

"तू असं का बोललीस?"

"तू एकटा आहेस असं सांगून बसलास. मग काय तुला चारचौघांत खोटा पाडू?" ती अंडं सोलत म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. भुईने पोटात घ्यावं असं झालं त्याला. त्याने खाली मान घालून तंबू उभा केला, आणि दोन खुंट्या तिरक्या ठोकल्या.

उन्हं उतरल्यावर ते तिघंही तिथेच मुक्कामाला आले. बराच वेळ तो दुरून बघत राहिला. मग उठला आणि वाळूतून तडक त्यांच्यापाशी गेला.

"मघाशी टपरीवर ज्या बाई आल्या होत्या, ती माझी सख्खी थोरली बहीण. आम्ही बरोबर आलोय. मी तुमच्याशी खोटं बोललो."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. "सॉरी काका, मी आपलं गमतीत बोललो," दाढीवाला पुटपुटला. तरुणीने त्याच्याकडे फक्त एकदा बघितलं आणि मग ती पिशवी आवरत बसली.

छातीवरचा धोंडा उतरेल अशा आशेने तो परतला. ताईला सांगितलं. तिचा हात थांबला.

"हे कशाला सांगायला गेलास?"

"खरं सांगावंसं वाटलं."

"मघाशी मी कोणी अनोळखी बाई होते. हसले असतील, विसरूनही गेले असतील. आता मी भावाने ओळख न दिलेली बहीण झाले. उद्या सकाळी मला यांच्या समोरून जायचंय." ती पहिल्यांदाच त्याच्याकडे पाठ करून बसली. "तुला मोकळं वाटलं ना? बस झालं."

त्याला मोकळं मुळीच वाटलं नव्हतं. ताईचा यात विचार करायचा असतो, हे दिवसभरात दुसऱ्यांदा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

सकाळी तो म्हणाला, "ताई, तू पुढे हो."

"मी हळू जाते. तुला कंटाळा येईल."

"येऊ दे."

तो तिच्या मागे राहिला. मिठागरं संपल्यावर लहानसा चढ लागला. ताई उतरून सायकल ढकलायला लागली. त्याला तो चढ सहज जमला असता, पण तोही उतरला. तेवढ्यात मागून घंटी वाजली, ते तिघं शेजारून पुढे निघाले. "येतो काकू," तरुणी म्हणाली. "सावकाश या."

ताईने हात वर केला, हसली. तो मात्र पुढच्या चाकाकडे बघत चालत राहिला, ते तिघं वळणाआड जाईपर्यंत.