आईला अंघोळ घालणारा फिटर

कारखान्यात त्याला सगळे फिटर म्हणायचे, आपणही तेच म्हणू. सहा फुटी गडी, आवाज असा की चालू मशीनवरचा माणूसही मागे वळून बघायचा. त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आला आणि या गड्यानं पूर्ण पाळी सोडून अर्धवेळ काम मागून घेतलं. घरी दुसरं कोण होतं तिचं करायला? मित्रांनी लगेच नवं नाव ठेवलं, आयाबाई. "काय आयाबाई, झालं का धुणं?" तो बिचारा हसून सोडून द्यायचा. असल्या मित्रांच्या खरं तर कानाखाली वाजवायला हवी होती.

पण खरी अडचण मित्रांची नव्हतीच. आईच अंगाला हात लावू देईना. घास भरवून घ्यायची, केस विंचरून घ्यायची, पण अंघोळीचं नाव काढलं की तोंड भिंतीकडे. "मुलानं आईचं अंग पुसायचं? त्यापेक्षा मी मेलेली बरी." शेजारीण येऊन अंग पुसून द्यायची, तेवढाच आधार. मावशी यायची ती नाक मुरडायला. "लग्न कर, बायको आण," म्हणायची. बायको म्हणजे काय बादली आहे, गेलं बाजारात आणि आणली?

मग शेजारणीचं पोर आजारी पडलं आणि तिचं येणं बंद झालं. आई म्हणाली, "राहू दे, मला काही होत नाही." दहा दिवसांनी खोलीत शिरताच फिटरला वास आला. त्यानं विचारलं नाही, सरळ तिला कुशीवर वळवलं. माकडहाडाशी तळहाताएवढी जखम होती, पडून पडून झालेली. लाजेपायी बाईनं दहा दिवस दातखीळ बसल्यासारखं सोसलं होतं. फिटर ढसाढसा रडला. "अगं, सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

दवाखान्यातल्या नर्सनं त्याला शिकवलं. चादर अंगावर तशीच ठेवायची. एक हात बाहेर काढायचा, पुसायचा, झाकायचा, मग दुसरा. बाकीचं चादरीखालून, अंदाजानं. पहिल्या दिवशी आईनं डोळे गच्च मिटले, अंग लाकडासारखं ताठ केलं. त्यानं कारखान्यातल्या साहेबांची नक्कल करून पाहिली. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या का सहाव्या दिवशी डोळे मिटूनच म्हणाली, "मेल्या, कानामागे पूस की नीट!"

जखम भरली. दोन वर्षं त्यानं एक दिवस चुकवला नाही. आणि एका सकाळी आई गेली.

मावशी चार बायका घेऊन आली. शेवटची अंघोळ घालायची होती. "तू बाहेर हो. हे पुरुषाचं काम नाही," म्हणाली आणि दार लावून घेतलं. कुणाला सांगतेय, याचं तरी भान हवं होतं बाईला!

तो पायरीवर बसला. आत नळ सोडल्याचा आवाज आला तसा ताडकन उठला. स्वयंपाकघरात पाणी तापवलं, बोट बुडवून पाहिलं आणि पातेलं घेऊन दार वाजवलं.

"अरे, आता तिला काय गार नि काय गरम?" मावशी खेकसली.

"तिला गार पाणी सोसत नाही, मावशी."

मावशीनं पातेलं आत घेतलं, दार पुन्हा लागलं. आत बराच वेळ कुजबुज, ओढाताण चालली होती. तो तिथंच उभा होता, गालावरून पाणी वाहत होतं, पुसतही नव्हता.

मग दार उघडलं. मावशीच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या आणि आवाज पार खाली आला होता.

"ये बाबा आत. हिला कसं वळवायचास रे तू?"