डोमाजीभाऊंच्या हातची गरी

डोमाजीभाऊ गेल्याची बातमी मला दादानं दिली, आणि देताना माझ्याकडे पाहिलं नाही. सकाळची वेळ होती, मी अंगणात पेपर वाचत होतो. दादा फाटकातून आत आला, पायरीवर बसला, चपलेतला खडा काढला आणि म्हणाला, "डोमाजी गेला. झोपेतच गेला म्हणते त्याची बायको." एवढं बोलून तो उठून आत गेला. आमच्या वयात अशा बातम्या येतच असतात. पण दादानं माझ्याकडे पाहिलं का नाही, हा प्रश्न मला दिवसभर टोचत राहिला. डोमाजीभाऊंच्या बाबतीत मला असले प्रश्न पडायची सवय फार जुनी...

भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाचे ते दिवस. आम्ही दोघं भाऊ वैनगंगेकाठच्या गावातून भिलाईला आलो होतो. दादा एका ठेकेदाराकडे लोखंड चढवण्याच्या टोळीत, मी त्याच ठेकेदाराच्या गोदामात बाबू. दोन वर्षं बरी गेली. मग एके दुपारी साखळी सरकली आणि दादाच्या उजव्या हातावर तुळई बसली. चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. दवाखान्यातून घरी आल्यावर दादा बोलेनासाच झाला. वहिनी समोर ताट ठेवायची, तो डाव्या हातानं दोन घास खायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. गावी असताना दादासारखा मासे धरणारा पंचक्रोशीत नव्हता. गळ टाकून मासे धरायच्या काठीला आमच्याकडे गरी म्हणतात, आणि छत्तीसगढीतही तोच शब्द. एक दिवस खिडकीतून कुणी गरी खांद्यावर टाकून शिवनाथ नदीकडे जाताना दिसला, तर दादा तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिला. नंतर वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, यायच्या हाताले झेपन अशी काठी कोणी बनवून देईन का, पाहा ना."

मी शोधू लागलो. रायपूरच्या दुकानात परदेशी काठ्या होत्या, पण त्या दोन धड हातांसाठी केलेल्या. जवळच्या कुम्हारी गावात एक जण 'स्पेशल' काठी करून देतो म्हणाला. त्यानं हिरवा रंग फासलेली कामटी हातात ठेवली, ती मी नुसती वाकवली तरी मोडली. मग आमच्या ऑफिसातल्या एका बंगाली नकाशेवाल्याची काठी मी पाहिली. तिचं टोक मोडून पुन्हा जोडलेलं होतं म्हणे, पण जोड कुठे आहे ते बोट फिरवूनही कळेना. कुणी जोडलं विचारलं, तर त्यानं इकडेतिकडे पाहत नाव कानात सांगितलं आणि म्हणाला, "नाम किसी को बताना मत. वो सबके लिए नहीं बनाता." तिथेच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. चांगलं काम करणारा माणूस लपून कशाला राहील?

हा माणूस आमच्याच ठेक्यावर सुतार निघाला. डोमाजी. भंडाऱ्याकडचा, आमच्याच बोलीचा, चाळिशीचा, बुटका आणि काळासावळा. मी कामाचं सांगितलं तर त्यानं रंधा थांबवलासुद्धा नाही. "हात तुहा हाय का?" म्हणाला. मी म्हटलं, भावाचा. "मंग तुह्याशी काय बोलू, बाबू?" दादा घराबाहेर पडत नव्हता, म्हणून पुढच्या रविवारी डोमाजीभाऊ स्वतःच आमच्याकडे आले. दादाला त्यांनी काठीबद्दल एक शब्द विचारला नाही. हातात लोटा दिला, मग कुऱ्हाडीचा दांडा, मग दोऱ्याला बांधलेला दगड. डोळे मिटायला लावले. मनगटापासून कोपरापर्यंत दोऱ्यानं मापं घेतली आणि प्रत्येक मापाला दोऱ्यात गाठ मारली. शेवटी म्हणाले, "बोटानं नाही धरायची. कोपरानं धरायची." आणि अपघातानंतर पहिल्यांदाच दादानं कुणाला तरी उलट प्रश्न विचारला, "कशी गा?"

मी खूश व्हायला हवं होतं. पण मला त्या माणसाचं वागणंच संशयास्पद वाटत होतं. काम कुठवर आलं ते बघायला मी मजुरांच्या कॅम्पातल्या त्यांच्या झोपडीवर गेलो, तर मागच्या खोलीच्या दारावर गोणपाट टांगलेलं. आत डोकावू लागलो तसे ते आडवे झाले. "आत नाही जाचं." का विचारलं, तर ते पुन्हा रंध्याकडे वळले. दुसऱ्या खेपेला त्यांनी काठीचा एक तयार तुकडा बाहेर आणून दाखवला. भरीव बांबूच्या सहा तिकोनी कामट्या एकमेकींना चिकटवून केलेला, रेशमी दोऱ्यानं बांधलेला, टोकाला पितळेची नळी, आणि सगळ्यावर मधाच्या रंगाचं चकचकीत व्हार्निश. मी तो नाकाजवळ नेला. तो वास मला रोजचा ओळखीचा होता. विजेच्या मोटारींतल्या तारांच्या गुंडाळ्यांवर लावायचं व्हार्निश आमच्या गोदामात यायचं, त्याचा हुबेहूब तोच वास... आणि त्याच आठवड्यात गोदामातून त्या व्हार्निशचे सहा डबे नाहीसे झाले होते.

डब्यांचा जबाब मलाच द्यायचा होता. ओव्हरसियर रोज विचारायचा. नोकरी गेली असती तर दादा, वहिनी आणि मी, तिघंही गावी परत. मी चार दिवस विचार केला. व्हार्निश, रेशीम, पितळ, बंद खोली, नाव लपवणारं गिऱ्हाईक... सगळं एकमेकांत बसत होतं. तोंडावर विचारायची हिंमत मला झाली नाही. मी एक चिठ्ठी लिहिली. तीन ओळींची, बिननावाची. रखवालदारांच्या खोलीच्या दारातून आत सरकवली आणि घरी येऊन जेवलो.

रखवालदारांनी डोमाजीभाऊंची झोपडी उलटीपालटी केली. वर्षभर सावलीत वाळवलेल्या कामट्या पायाखाली मोडल्या. मडक्यातलं व्हार्निश जमिनीवर ओतलं. ते होतं कुसुमाच्या झाडावरच्या लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळवलेलं. दोरा कोसा रेशमाचा, चांपा गावच्या विणकराकडून आणलेला. पितळेची नळी सायकलच्या मोडक्या पंपाची. आणि गोणपाट टांगलं होतं ते ओल्या व्हार्निशवर धूळ बसू नये म्हणून. दादाची काठी तीन चतुर्थांश तयार होती, ती पुरावा म्हणून नेताना दारात अडकून मोडली. पाळी सुटायच्या वेळी डोमाजीभाऊंना त्या मोडक्या सामानासकट कारखान्याच्या फाटकाशी उभं केलं होतं. हजारो माणसं समोरून गेली. मीही गेलो. त्यांनी मला पाहिलं की नाही, मला सांगता येत नाही. मी पायांकडे पाहत चाललो होतो.

डबे नंतर सापडले. आमच्याच गोदामात, सिमेंटच्या पोत्यांमागे. मी नीट पाहिलं असतं तर मलाच दिसले असते. पण डोमाजीभाऊंना कामावरून काढलं होतं ते काढलंच. आठव्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले.

"बाबू, साहेबाले अर्ज लिवून दे."

मी म्हणालो, ऑफिसात दुसरे लिहिणारे आहेत, त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं आहे. ते चटईवर मांडी घालून बसले. "नाही. तूच लिव."

मी लिहू लागलो. ते एकेक वाक्य सांगत गेले, घाई न करता. लाख कुठली, कोसा कुठला, पंप कोणाचा. दादा भिंतीला टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाले, "आता असं लिव... चिठ्ठी कोनं देल्ली, त्याचं नाव मले पायजे नाही." माझी लेखणी तिथे अडली. मी वर पाहिलं. ते माझ्या हाताकडे पाहत होते. "लिवलं?" म्हणाले. मी लिहिलं. त्यांनी अंगठा उठवला, कागदाची घडी केली आणि वहिनीनं केलेला चहा पिऊन गेले.

त्यांना कामावर परत घेतलं. काठी मात्र पहिल्यापासून करावी लागली, कारण बांबू वाळायलाच वर्ष लागतं. कुणी मागितली नसताना त्यांनी ती केली. दादाच्या कोपराखाली चामड्याचा रुंद पट्टा, त्यात काठीचा बुंधा घट्ट बसायचा, म्हणजे काठी हाताचंच पुढचं हाड झाल्यासारखी. डावा हात दोरा गुंडाळायच्या फिरकीला मोकळा. पहिल्या दिवशी शिवनाथवर मी दोघांच्या मागे उभा होतो. दोन तास काही नाही. मग काठी वाकली, वाकतच गेली, मी डोळे मिटून घेतले. डोमाजीभाऊ ओरडले, "ओढू नको! पळू दे त्याले!" काठी मोडली नाही. हातभर लांबीचा रोहू काठावर तडफडत होता, आणि दादा इतका मोठ्यानं हसत होता की पलीकडच्या काठावरच्या बायका धुणं थांबवून पाहू लागल्या.

पुढे कितीतरी वर्षं दर रविवारी ते दादाला न्यायला यायचे. माझ्याशी दोन वाक्यांवर बोलणं नाही. आणि ती दोन वाक्यं मी आठवडाभर उलटून पाहायचो. एकदा माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात घेऊन म्हणाले, "अक्षर चांगलं हाय, बाबू, तुहं." पत्रिकेवरचा पत्ता मी लिहिला होता. नुसतं कौतुक होतं की आणखी काही? त्यांना ठाऊक असेल तर ते गप्प का, आणि ठाऊक नसेल तर त्या दिवशी मलाच का लिहायला लावलं? त्यांच्यावरचा माझा जुना संशय फिटला होता, पण हा नवा मरेपर्यंत फिटला नाही. म्हणजे त्यांच्या मरेपर्यंत.

दहावा झाल्यावर घाटावरून परतताना मी दादाला विचारलंच, चिठ्ठी माझी होती हे डोमाजीभाऊंना ठाऊक होतं का. दादा चालायचा थांबला.

"मीच सांगतलं होतं त्याले."

"तुले कसं माहीत?"

"तू सैपाकघरात बसून डाव्या हातानं लिवून राहिला होता. मले वाटलं, माह्यासाठी पाहून राहिला... डाव्या हातानं लिवता येते का माणसाले." दादानं नाक पुसलं. "मले लय बरं वाटलं होतं त्या दिवशी. मंग झडती झाली तवा समजलं."

"मग ते काय म्हणाले?"

"बिडी ओढली. मंग म्हणे, त्याच्याकडूनच लिवून घेतो. उजव्या हातानं."

मी रस्त्याच्या कडेला बसलो. दादा उभाच राहिला. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तो म्हणाला, "तू विचारलं कधी?"

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी शेवंताबाईंकडे, म्हणजे डोमाजीभाऊंच्या बायकोकडे गेलो. माझी समजूत होती की त्यांनाही हे ठाऊक असणार, आणि एवढ्या वर्षांनी त्या 'जाऊ द्या' म्हणतील. त्यांना ठाऊक नव्हतं. डोमाजीभाऊंनी घरी सांगितलंच नव्हतं. शेवंताबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"आठ दिवस जेवले नोहते ते," त्या म्हणाल्या. "कामावर घेतलं तरी नळावरच्या बाया मले चोराची बायको म्हणत. माह्या पोरीची सोयरीक मोडली त्याच्यापायी. तुमी येऊन चहा पिऊन जात होते आमच्या घरी."

मी हात जोडले. त्यांनी ते पाहिलेच नाहीत.

"मले एकटीले सांगून काय होते? चोर तं सगळ्याइनं म्हणलं होतं. तुमी लिवणारे हा ना? मंग पेपरात लिवा. सगळं लिवा."

दादाला मी विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. हे लिहायला मला सहा आठवडे लागले, कारण प्रत्येक वेळी मी कुठे ना कुठे स्वतःला वाचवत होतो आणि तेवढं पान फाडावं लागत होतं. त्या दिवशी फाटकासमोरून गेलेल्या माणसांपैकी जी अजून आहेत, आणि ज्यांच्या वडिलांनी घरी येऊन ती गोष्ट सांगितली असेल, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. कॅम्पातल्या डोमाजी सुतारानं ठेक्यावरून कधी खिळासुद्धा घरी नेला नाही. खोटं मी लिहिलं होतं.