पहिल्या किकला नको

बाबांची स्कूटर दुरुस्तीला न्यायची होती आणि ती नीट चालू होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा होती.

कार्ब्युरेटर झिजला होता. बाबा गाडी एका अंगाला कलती करायचे, पुन्हा सरळ करून किका मारत राहायचे, घामाघूम व्हायचे, पण ती धरत नव्हती. आईला आणि मला त्यातच बरं वाटत होतं. कागद कारखान्यातून निवृत्त झाल्यानंतर बाबा हळूहळू विसरायला लागले होते. एकदा भाजी आणायला म्हणून स्कूटरवर निघाले ते थेट गावाबाहेर निंबोल्याकडे, केळीच्या बागांमधल्या एका वाटेवर सापडले. घर लोधीपुऱ्यात आहे, हेही त्यांना सांगता येईना. एका शेतकऱ्याने त्यांच्याच फोनवरून आईला कळवलं. मग आम्ही चावी लपवून पाहिली, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं. बिघडलेल्या गाडीवर मात्र ते कधी चिडत नसत. यंत्र आहे, बिघडणारच, म्हणायचे.

बुधवारा पेठेतल्या मिस्त्रीने कार्ब्युरेटर हातात फिरवून पाहिला.

"भैया, याची बॉडीच घिसून गेली. रिपेअर किट टाकून देतो, पण गॅरंटी नाही. नया डाल लो, पहिल्या किकमध्ये उठेल."

पहिली किक म्हटल्यावर मी घाईने त्याला थांबवलं. "किटच टाका," मी म्हणालो. एखाद्या चिक्कू माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. बघेना का.

घरी येऊन बाबांना सांगितलं, "जुन्याची सर नव्याला नाही." खोटं बोलताना माझा आवाज उगाच चढतो, तसा तो चढला. आई मान खाली घालून शेंगा सोलत राहिली. गाडी पुढेही रखडतच होती, आणि आम्ही दोघं निवांत होतो.

मग एका रविवारी बाबांनी अंगणात पेपर पसरून कार्ब्युरेटर खोलला. सकाळचा चहा झाला की नाही हे त्यांना आठवत नव्हतं, पण कुठला स्क्रू कुठे जातो यात हात कुठेच अडला नाही. जेटच्या बारीक भोकात फुंकर मारली, सगळं परत जोडलं, गाडी कलती केली, सरळ केली, किक मारली. थोडी कुरकुरून ती चालू झाली. मग कान देऊन हवेचा स्क्रू जरा जरा फिरवत त्यांनी आवाज एकसारखा केला. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी वाटलं, आता हे निघणार. आई फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. गाडी बंद केली, चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

"नवाच टाकून घे," ते म्हणाले. "तू चालव. मले आता रस्ते याद राहत नाही."

हे त्यांना ठाऊकच नसेल, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो.